हरत राहण्याविषयी

आंगणेवाडीची जत्रा म्हणजे आमच्या मसुरे गावातील एका वाडीची जत्रा. भराडीदेवीच्या या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो जाहीर झाल्यावरच मुंबईचे चाकरमानी रजेचे अर्ज लिहायला बसतात. मागच्या खेपेस जत्रेसाठी गावी गेलो असताना एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. मराठी घेऊन एम. ए. झालेला, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा. नेटचा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते. त्याचा हा सातवा प्रयत्न होता आणि तोही फसला होता. अशा वेळी शिक्षकाने जे बोलायचे असते ते मी बोललो. धीर धरावा, अपयश ही यशाची पहिली पायरी असते, वगैरे. आणि पुरावा म्हणून १९७१ सालच्या भारतीय क्रिकेट संघाची गोष्ट सांगितली. परदेशात वर्षानुवर्षे मार खाणारा संघ अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये, एकाच वर्षात, मालिका जिंकून कसा परतला, हे मी बऱ्यापैकी रंगवून सांगितले. त्याने ऐकून घेतले. उठताना तो एवढेच म्हणाला, “ता सगळा खरा, सर. पण जिकूच्या आदी वर्षांवर्षां हरत होते, तेवा ते काय करी होते?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९७१ पूर्वी आपण हरत होतो हे मला ठाऊक होते. पण ते ‘हरणे’ माझ्या लेखी एका वाक्याचे होते. खरी गोष्ट सुरू होण्याआधी सांगून टाकायची पार्श्वभूमी. कथात्म साहित्य शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने ज्या भागात माणसे प्रत्यक्ष जगली, तोच भाग पार्श्वभूमी म्हणून निकालात काढावा, ही गोष्ट मला बोचली. परत आल्यावर मी त्या काळातील धावफलक आणि दौऱ्यांच्या हकिकती काढून बसलो. या लेखात जे मांडायचे आहे ते त्या वाचनातून आले आहे. ते क्रिकेटविषयी आहे, पण केवळ क्रिकेटविषयी नाही. मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या एका सवयीविषयी ती तक्रारही आहे.

आधी वस्तुस्थिती. जून १९५९ ते जानेवारी १९६८ या काळात भारतीय संघ परदेशात सलग सतरा कसोटी सामने हरला. १९५९ साली इंग्लंडमध्ये पाच, १९६२ साली वेस्ट इंडिजमध्ये पाच, १९६७ साली पुन्हा इंग्लंडमध्ये तीन आणि १९६७-६८ च्या मोसमात ऑस्ट्रेलियात चार. मध्ये एखादी बरोबरीसुद्धा नाही, एखादा पावसाने वाचवलेला सामनाही नाही. याच काळात हा संघ मायदेशी मात्र दुबळा नव्हता. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला जसू पटेलांच्या चौदा बळींच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला हरवले होते, १९६१-६२ मध्ये इंग्लंडवर २-० असा विजय मिळवला होता. तेव्हा ही पराभवांची माळ ‘खेळच येत नाही’ अशा लोकांची नव्हती. घरात येणारी गोष्ट घराबाहेर न येणाऱ्यांची होती. ग्रामीण भागातून आलेल्या आणि मुलाखतीच्या खोलीत मुके होणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहिले की हा भेद किती मोठा आहे ते कळते.

कारणे उघड होती. आपल्या मंद खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजी फारशी वाट्याला येत नसे. तिकडे ट्रूमन आणि स्टॅथम, नंतर हॉल आणि ग्रिफिथ वाट पाहत असत. दुसरे कारण घरचेच. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ येथे आला असताना पाच कसोटींसाठी आपण चार कर्णधार वापरले: उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड आणि हेमू अधिकारी. लगेच पुढच्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्या चौघांपैकी कोणीही नाही, तर बडोद्याचे दत्ता गायकवाड कर्णधार झाले, आणि त्यांच्या अनुपस्थितीत लॉर्ड्सला पंकज रॉय. मात्र मला तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे दौऱ्यांमधील अंतर. १९५९ नंतर १९६२ आणि त्यानंतर थेट १९६७. एका पराभवातून शिकलेली गोष्ट वापरून पाहण्यासाठी तीन किंवा पाच वर्षे थांबायचे, तोवर निम्मा संघ बदललेला. म्हणजे मोजदाद सलग होती, पण शिक्षण सलग नव्हते. प्रत्येक दौरा पहिल्या इयत्तेपासून सुरू होई.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. हरत असताना ही माणसे काय करीत होती?

१९५९ सालच्या ओल्ड ट्रॅफर्डच्या सामन्यात ऑक्सफर्डमध्ये शिकत असलेल्या अब्बास अली बेग या वीस वर्षांच्या तरुणाला जायबंदी मांजरेकरांच्या जागी बोलावून घेतले गेले. पदार्पणातच त्याने ११२ धावा केल्या. त्याच डावात पॉली उम्रीगर यांनी ११८ केल्या. भारत १७१ धावांनी हरला. १९६२ साली बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्यांचे प्राण वाचवण्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. एकवीस वर्षांच्या पतौडींवर नेतृत्व येऊन पडले. आदल्या वर्षीच्या मोटार अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. त्यांच्या नेतृत्वाखालील पहिल्याच कसोटीत, ब्रिजटाउनला, २ बाद १५८ अशा सुस्थितीत असलेला संघ लान्स गिब्जने १८७ मध्ये गुंडाळला. त्या टप्प्यात गिब्जने १५.३ षटकांत १४ निर्धाव टाकत अवघ्या ६ धावांत आठ गडी बाद केले. पुढच्या सामन्यात, पोर्ट ऑफ स्पेनला, उम्रीगर यांनी पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ आणि फॉलोऑन मिळाल्यावर नाबाद १७२ धावा केल्या. एका माणसाने एका सामन्यात याहून अधिक काय करावे? तरी भारत सात गडी राखून हरला.

१९६७ साली हेडिंग्लेला पहिल्या डावात १६४ धावांत कोसळलेल्या संघाने फॉलोऑननंतर ५१० धावा उभारल्या. पतौडींच्या १४८, वाडेकरांच्या ९१. इंग्लंडने तो सामना सहा गडी राखून जिंकला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पायाचा स्नायू दुखावलेला असताना पतौडींनी ७५ आणि ८५ धावा केल्या, वाडेकर ९९ वर बाद झाले. सामना एक डाव आणि चार धावांनी गेला. ब्रिस्बेनला ३९५ धावांचा पाठलाग करताना, दौऱ्याच्या मध्यावर भारतातून बोलावून घेतलेल्या जयसिंहांनी पहिल्या डावात ७४ आणि दुसऱ्यात १०१ धावा केल्या. भारत ३५५ पर्यंत पोचला. ३९ धावा कमी पडल्या.

आता सुटलो, असे येथे कोणालाही वाटले असते. चांगल्या कादंबरीकाराने कथानकाचा कळस येथेच बांधला असता: पराभव लहान होत होत शेवटी विजयात वितळतो. पण पुढच्याच, सिडनीच्या, सामन्यात भारत १४४ धावांनी हरला. सतरावा पराभव हा सोळाव्यापेक्षा मोठा होता. प्रगतीची रेषा म्हणून आपण जी काढतो ती हरणाऱ्याला दिसत नसते. ती बहुधा अस्तित्वातही नसते. शेवट ठाऊक झाल्यावर आपण ती मागाहून ओढतो. सिडनीत मैदानाबाहेर येणाऱ्या माणसांना आपण सतराव्या पायरीवर आहोत हे माहीत होते. ती शेवटची पायरी आहे हे माहीत नव्हते. पंचांगात तिथी नव्हती.

ही माळ तुटली ती फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिन या शहरात. लॉर्ड्स नव्हे, मेलबर्न नव्हे, ड्युनेडिन. न्यूझीलंडने ३५० केल्या, भारताने ३५९. रमाकांत देसाई या ठेंगण्या मुंबईकर वेगवान गोलंदाजाचा जबडा फलंदाजी करताना चेंडू लागून मोडला, तरी ते खेळत राहिले आणि बिशनसिंग बेदींबरोबर त्यांनी अखेरच्या गड्यासाठी भर घातली. आघाडी मिळाली ती नऊ धावांची. त्या नऊ धावांत देसाईंच्या मोडक्या जबड्याचा वाटा किती, हा हिशेब ज्याने त्याने करावा. दुसऱ्या डावात प्रसन्नांनी ९४ धावांत सहा गडी बाद केले, न्यूझीलंड २०८. विजयासाठी २०० हव्या होत्या. वाडेकरांनी ८० च्या जोडीला ७१ केल्या आणि भारत पाच गडी राखून जिंकला. १९३२ साली कसोटी खेळू लागलेल्या देशाचा परदेशातील हा पहिला कसोटी विजय. छत्तीस वर्षे लागली.

त्यानंतरही गोष्ट सरळ चालली नाही. लगेच पुढची क्राइस्टचर्चची कसोटी भारत हरला. ग्रॅहम डाउलिंगने २३९ धावा केल्या. मग वेलिंग्टन आणि ऑकलंड येथे जिंकून मालिका ३-१ अशी खिशात घातली. वेलिंग्टनला वाडेकरांनी १४३ धावा केल्या, आणि हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक ठरले. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी त्याच सामन्यात ४३ धावांत सहा बळी घेतले.

धावफलकांच्या या ढिगाऱ्यात मला थांबवणारे आकडे प्रसन्नांचे होते. ऑस्ट्रेलियातील चार कसोटींत त्यांनी २५ बळी घेतले. चारही सामने हरले. त्याला लागूनच न्यूझीलंडच्या चार कसोटींत त्यांनी २४ बळी घेतले. तीन सामने जिंकले. दोन्हीकडे काम जवळजवळ तेवढेच. निकाल मात्र उलटे. यश हे श्रमाचे फळ असते, असे आपण मुलांना सांगतो. हे आकडे सांगतात की श्रम तेच असताना फळ येते किंवा येत नाही. समोर कोण उभे आहे, दुसऱ्या टोकाला कोण आहे, झेल कोणाच्या हाती जातो, यावर ते ठरते. याच प्रसन्नांनी १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पराभव पाहिला होता. मग अभियांत्रिकीची पदवी पुरी करण्यासाठी ते काही वर्षे कसोटी क्रिकेटपासून दूर राहिले आणि १९६७ मध्ये परतले. हरण्याच्या मधोमध उठून जाणे आणि अभ्यास करून परत येणे, हाही माळ तोडण्याचा एक मार्ग असतो. आपल्याकडे त्याला ‘सोडून दिले’ असे म्हणण्याची घाई होते.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे ड्युनेडिनच्या संघात १९५९ चा इंग्लंड दौरा केलेले चौघे होते: बोर्डे, नाडकर्णी, जयसिंह आणि देसाई. माळेचा पहिला मणी आणि शेवटची गाठ, दोन्ही यांच्या हातून गेले. बोर्डे तर चारही दौऱ्यांवर होते. ॲडलेडला पतौडी जायबंदी असताना कर्णधार म्हणून हरण्याची जबाबदारीही त्यांनी उचलली होती. नवे रक्त, नवा दृष्टिकोन, नवा नायक येतो आणि पराभव संपतात, असे आपण समजतो. येथे ते पुष्कळ अंशी जुन्याच, हरून मुरलेल्या माणसांनी संपवले.

आणि १९७१? तेथेही तेच. कर्णधार वाडेकर १९६७ आणि १९६७-६८ मधील सातही पराभवांचे साक्षीदार होते. किंग्स्टनला २१२ धावा करून त्या वर्षाची दिशा बदलणारे, मालिकेत ६४२ धावा करणारे दिलीप सरदेसाई हे मडगावचे. त्यांनी १९६२ ची वेस्ट इंडिजमधील धूळधाण स्वतः अनुभवली होती. सुनील गावसकर यांच्या ७७४ धावांनी आपल्या स्मृतीचा सगळा उजेड घेतला आणि ते समजण्यासारखे आहे. एकवीस वर्षांचा मुलगा पहिल्याच मालिकेत असे काही करतो तेव्हा कोण दुसरीकडे पाहील? तथापि गावसकर हे त्या संघातील असे तरुण होते ज्यांना ती सतरा वर्णमालेसारखी पाठ करावी लागली नव्हती. ज्यांना करावी लागली होती त्यांनी त्यांच्यासाठी जमीन तयार केली होती.

मग आपल्याला ड्युनेडिन का आठवत नाही? न्यूझीलंडचा संघ त्या काळी दुबळा होता, म्हणून त्या विजयाचे मोल कमी, असे एक उत्तर आहे. ते अर्धवट खरे आहे. पण मला वाटते, खरे कारण वाङ्मयीन आहे.

मराठी मनाला पराभवाचे वावडे नाही. उलट एका विशिष्ट प्रकारच्या पराभवावर आपले अतोनात प्रेम आहे. १४ जानेवारी १७६१ हा दिवस आपण भाषेतच मुरवून टाकला आहे. कुठल्याही मोठ्या हारीला आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली आणि तिने वाचकांच्या पिढ्या भारून टाकल्या. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ सालची, म्हणजे भारतीय संघ इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात लागोपाठ हरत होता त्याच वर्षाची. तिचा नायक कर्ण, आपला सर्वांत लाडका पराभूत. त्याआधी १९६२ मध्ये, वेस्ट इंडिजमध्ये पाचही सामने गमावले त्या वर्षी, रणजित देसाईंची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली. पानिपतानंतर राज्य सावरणाऱ्या आणि ऐन उमेदीत मरण पावणाऱ्या माधवरावाची ती कथा. या सगळ्यांत पराभव आहे, पण तो एकदाच होणारा, भव्य, नियतीने लिहिलेला आणि नायकाला उंच करणारा आहे. एका दिवसाचा, रणांगणावरचा, सूर्यास्ताच्या प्रकाशातला.

सलग, लहानसहान, थोडा हास्यास्पद, पुन्हा पुन्हा होणारा पराभव मात्र आपल्या मुख्य धारेतील कथनाला पेलत नाही. चौथ्या पराभवाला पहिल्यासारखी करुणा लाभत नाही. नवव्याला कोणी रडत नाही. तेराव्याची थट्टा होते. कर्णाचा सतरा वेळा पराभव झाला असता तर ‘मृत्युंजय’ लिहिता आली असती का? याला ठळक अपवाद भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा. १९६३ सालची ही कादंबरी. तिचा पांडुरंग सांगवीकर कोठल्याही रणांगणावर पडत नाही. तो पुण्यात परीक्षा, मित्र, पैसा असे एकेक गमावत जातो आणि गावी परततो. त्या गमावण्यात एकही क्षण असा नाही की ज्यावर पडदा पाडता यावा. त्या कादंबरीची भाषा वेगळी का व्हावी लागली याचे एक कारण मला येथे दिसते. आणि ती आपण वर्गात कशी शिकवतो? ‘अस्तित्ववाद’ अशी चिठ्ठी डकवून, दोन तासांत, परीक्षेपुरती. जी कादंबरी विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या जगण्याला सर्वांत जवळची, तिलाच आपण परदेशी तत्त्वज्ञानाच्या स्वाधीन करून मोकळे होतो.

परिणामी आपल्याजवळ दोनच गोष्टी उरतात: एक पानिपतची आणि एक १९७१ ची. हरलेल्या विद्यार्थ्याला आपण यांपैकी एक देतो. नशिबाने घात केला म्हणून तू कर्ण आहेस, किंवा थांब, तुझे १९७१ येईल. सातव्यांदा नापास झालेल्याला पहिली गोष्ट खोटी वाटते, कारण त्यात काही भव्य नाही हे तो जाणतो. दुसरी गोष्ट त्याहून खोटी, कारण तिची हमी आपण देऊ शकत नाही.

आणि ही हमी देता येत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियात लंबगोल चेंडूने खेळला जाणारा जो त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, त्यातील दोन उदाहरणे या संदर्भात उद्बोधक आहेत. मेलबर्नमधील सेंट किल्डा हा संघ १८९७ सालच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या पहिल्या मोसमापासून तीन मोसम एकही सामना जिंकला नाही. सलग ४८ पराभव. १९०० सालच्या पहिल्या सामन्यात मेलबर्न संघाशी त्यांची बरोबरी झाली. मग त्यांनी तक्रार केली, की प्रतिपक्षाचा एक गुण घंटा झाल्यावर घेतलेला होता. तक्रार मान्य झाली, तो गुण वजा झाला आणि सेंट किल्डा जिंकले. तीन वर्षांचा दुष्काळ मैदानात नव्हे, कागदावर संपला. दुसरे उदाहरण आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळचे. याच लीगमध्ये ‘युनिव्हर्सिटी’ नावाचा, मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा आणि पदवीधरांचा एक संघ होता. इतर संघ खेळाडूंना उघडपणे पैसे देऊ लागले तेव्हाही हा हौशीच राहिला. १९१२ पासून १९१४ पर्यंत तो सलग ५१ सामने हरला आणि बावन्नावा खेळलाच नाही. मोसमाअखेर त्याने लीग सोडली. पहिले महायुद्ध सुरू झालेच होते. त्या संघातील कित्येक खेळाडू युद्धावर गेले आणि काही परतले नाहीत.

म्हणजे काही माळा तुटतात, काही तक्रारअर्जाने तुटतात आणि काही तुटतच नाहीत. युनिव्हर्सिटीच्या खेळाडूंना ‘प्रयत्न करत राहा’ हा उपदेश कितपत लागू पडला असता? त्यांच्या बाबतीत नियम बदलले होते. एका बाजूला पगारी आणि दुसऱ्या बाजूला हौशी अशी स्पर्धा झाली की प्रयत्नाचे गणित बिघडते. तासिका तत्त्वावर दिवसभर तीन ठिकाणी धावणारा उमेदवार आणि निवांतपणे शिकवणी लावून बसलेला उमेदवार एकाच प्रश्नपत्रिकेपुढे येतात, तेव्हाही असेच होते. हे न सांगता केवळ जिद्दीचे पाठ देणे हा अप्रामाणिकपणा आहे.

हे सगळे मनात घोळत असताना मला आठवले की सलग हरणाऱ्याची एक प्रतिमा आमच्याच मातीत आहे आणि मी ती कधी वर्गात नेली नाही. दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात संकासुर येतो. काळ्या वेषातला हा असुर वेद चोरतो, मालवणीत थट्टामस्करी करतो, समोरच्याला शब्दांत पकडतो, आणि शेवटी विष्णूकडून मारला जातो. आज या गावात, उद्या त्या गावात. जत्रांचा हंगाम संपेपर्यंत तो रोज रात्री हरतो. त्याला एकदाही जिंकता येणार नाही हे त्याला, विष्णूला आणि मांडावर बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. तरी सगळे वाट पाहतात ती त्याची. देव प्रमाण भाषेत बोलतात. संकासुर आपल्या भाषेत बोलतो. रोज हरणाऱ्याची भाषा कशी असते, त्याला विनोद का लागतो, त्याला स्वतःविषयी करुणा का परवडत नाही, हे जे मी कादंबऱ्यांत शोधत होतो ते लहानपणी पेट्रोमॅक्सच्या उजेडात समोर पाहिले होते. प्रमाण मराठीच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही, हा योगायोग नसावा.

१९७१ च्या विजयानंतर तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, याच वाडेकरांचा संघ लॉर्ड्सला ४२ धावांत गारद झाला आणि मालिका ३-० अशी गेली. त्यानंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. २०१८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा जिकडेतिकडे १९७१ लिहिले गेले. ते योग्यच होते. ड्युनेडिनचे ८० आणि ७१, मेलबर्नचे ९९ यांचा उल्लेख क्वचित आढळला. माझ्या मते त्या माणसाची उंची या हरलेल्या आणि विसरलेल्या सामन्यांतच नीट मोजता येते.

माझ्या विद्यार्थ्याला मी नंतर दूरध्वनी केला आणि सांगितले की त्याच्या प्रश्नाचे उत्तर सापडले आहे. हरत असताना ते खेळत होते. उम्रीगर १७२ करीत होते, प्रसन्ना पंचवीस बळी घेत होते आणि मध्येच पदवीही घेत होते, देसाई मोडक्या जबड्याने फलंदाजी करीत होते. त्यातल्या बहुतेक गोष्टींचा निकालावर काही परिणाम झाला नाही. तुझा होईलच असे मी म्हणत नाही. आठवा प्रयत्न करावा की करू नये हे तू ठरव, आणि नाही केलास तर त्याला मी पळ म्हणणार नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ह्या आधी सांगला असतास तर बरा झाला असता, सर.”

आम्ही दोघेही मराठीचे, म्हणून शेवटी व्याकरणाचे थोडे. आपल्या भाषेत ‘हरणे’ या क्रियापदाला सहायक क्रियापदे जोडून वेगवेगळे अर्थ मिळतात. ‘हरून बसला’ म्हटले की काम संपले. ‘हरत गेला’ म्हटले की उतार दिसतो. ‘हरत राहिला’ यात मात्र ‘राहणे’ आहे, म्हणजे टिकणे आहे, जागा न सोडणे आहे. इतके दिवस मी हा प्रयोग केविलवाणा समजत आलो. १९५९ ते १९६८ या काळातील सतरा धावफलक वाचल्यावर तो मला तसा वाटत नाही. पुढच्या वर्षी ‘कोसला’ शिकवताना मी सुरुवात येथून करणार आहे.